हिवताप आणि रक्तातली अर्धवट प्रतिकारशक्ती : पार्श्वभूमी

नाशिकच्या एखाद्या प्रयोगशाळेत रक्ताच्या जाड थेंबाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत हिवतापाचे १०० परजीवी दिसले, तर मायक्रोलिटरला ८,००० पांढऱ्या पेशी धरून हिशेब निघतो मायक्रोलिटरला ४,००० परजीवी. एवढ्यावर नाशिककर तापाने फणफणतो. आफ्रिकेतल्या हिवतापाच्या पट्ट्यातला प्रौढ माणूस तेवढेच परजीवी घेऊन कामावर जाऊ शकतो.

फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरांने १८८० मध्ये अल्जीरियात परजीवी पाहिला. वीसेक वर्षांनी जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला जावा आणि न्यू गिनीत आढळलं, की मुलांच्या रक्तात परजीवी मुबलक असतात, प्रौढांत क्वचित. म्हणजे प्रतिकार येतो, पण वर्षानुवर्षं आजार सोसून.

तो असतो कशात? १९६१ मध्ये गांबियात प्रौढांच्या रक्तातलं गॅमाग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं असलेला प्रथिनांचा भाग, काढून आजारी मुलांना टोचलं, आणि काही दिवसांत परजीवी झपाट्याने घटले. काम प्रतिपिंडांचं होतं. त्यांना संधी मात्र फार थोडी मिळते. फॅल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा सर्वात घातक परजीवी, दर ४८ तासांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतो आणि मिनिटभरात नव्या पेशीत शिरतो. आत शिरल्यावर मारक टी-पेशींना तो ओळखता येत नाही, कारण शत्रूचे तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवणारे एचएलए रेणू तांबड्या पेशीवर जवळजवळ नसतातच.

उरते पानथरी (प्लीहा). ताठर झालेल्या बाधित पेशी ती गाळून काढते. ब्रिटिश डॉक्टर एकोणिसाव्या शतकापासून मुलांची पोटं चाचपून वाढलेल्या पानथरीवरून गावातला हिवताप मोजत, तो याच अवयवामुळे. फॅल्सिपेरमने त्यावरही तोड काढली आहे : पेशीवर चिकट प्रथिनं उगवून तो बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतो आणि पानथरीच्या वाटेला जातच नाही. या प्रथिनांची जनुकं १९९५ मध्ये सापडली. एकेका परजीवीकडे अशी साठेक असतात. एका रूपावर प्रतिपिंडं तयार होतात, तोवर तो दुसरं रूप घेतो. मुलं वर्षानुवर्षं आजारी का पडत राहतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. गंभीर आजारापासूनचं संरक्षण त्यामानाने लवकर येतं. परजीवी आटोक्यात ठेवणारं फार उशिरा, आणि संसर्ग थांबला की तेही ओसरतं.

म्हणून हिवताप असलेल्या गडचिरोलीत महिनाभर राहून आलेल्या नाशिककराकडे या प्रतिकारशक्तीतलं काहीच नसतं. शिवाय पिकलेले परजीवी भिंतींना चिकटलेले असल्याने काचपट्टीवर बहुधा कोवळे, अंगठीच्या आकाराचे परजीवीच दिसतात, कधी तेही नाहीत. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप हटला नाही, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त घ्यावं.