सरोवरांचा गाळ: कोअर काढण्यापासून तारीख लावण्यापर्यंत

गाळ वाचण्याची सुरुवात कोअरपासून, म्हणजे नळीने अखंड उपसलेल्या गाळाच्या लांब दांड्यापासून, झालीच नाही. स्वीडनमध्ये गेरार्ड दे गेर यांनी हिमनद्यांच्या पाण्यात साचलेल्या, पुढे जमिनीवर उघड्या पडलेल्या चिकणमातीतले पट्टे मोजले. उन्हाळ्यात बर्फ वितळून येणारा फिकट, जाडसर गाळ आणि हिवाळ्यात निवांत खाली बसणारी गडद, बारीक माती. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. १९१० साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषदेत त्यांनी १२,००० वर्षांची गणना मांडली. १९१६ मध्ये लेनार्ट फॉन पोस्ट यांनी दलदलीच्या थरांतले परागकण मोजून जंगलं कशी बदलत गेली ते दाखवलं. पद्धत हाती आली होती. पाण्याखालचा गाळ अखंड वर काढणारं अवजार मात्र नव्हतं.

मऊ गाळात उघडी नळी दाबली की आत शिरलेला गाळ भिंतीला धरतो. घर्षण वाढत जाऊन नळीचं तोंड बुचासारखं बंद होतं आणि पुढचा गाळ बाजूला सारला जातो. नळी २ मीटर गेली आणि कोअर सव्वा मीटर आला, तर काय दबलं आणि काय सुटलं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. यावरचा सरोवरांसाठीचा हलका, सुटसुटीत उपाय डॅनियल लिव्हिंगस्टन यांनी १९५५ मध्ये दिला. त्यांच्या उपकरणात पिस्टन केबलने एका खोलीवर रोखलेला असतो आणि फक्त नळी खाली सरकते. पिस्टनखाली पोकळी व्हायला लागते, म्हणून गाळ घर्षणाला न जुमानता आत येतो. एका खेपेला साधारण १ मीटर. केबल ढिली राहिली तर पिस्टन नळीबरोबर उतरतो आणि कोअर तोकडा पडतो. म्हणूनच डोलणाऱ्या होडीपेक्षा गोठलेलं सरोवर किंवा नीट नांगरलेला तराफा बरा. अगदी वरचा, सरबतासारखा पातळ गाळ मात्र पिस्टनलाही नीट साधत नाही. त्यासाठी पोकळ धातूच्या पात्रात कोरडा बर्फ (घन कार्बन डायऑक्साइड) आणि अल्कोहोल भरून ते गाळात रोवतात. गाळ बाहेरच्या भिंतीवर गोठतो, थरांसकट.

कोअर उभा चिरल्यावर पृष्ठभाग थरांच्या दिशेने, म्हणजे आडवा साफ करायचा. उभी पाती ओढली की वरचा गाळ खालच्या थरांवर फासला जातो. फोटोही लगेच घ्यावा लागतो, कारण हवा लागताच रंग बदलतात.

खरी अडचण तारखेची. १९४९ नंतर, मेलेल्या जीवांत ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन-१४ मोजून वय काढता येऊ लागलं, पण सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे ते चालत नाही. शिवाय चुनखडीच्या प्रदेशात जुना, कार्बन-१४ संपलेला कार्बन पाण्यात विरघळतो. पाणवनस्पती तोच घेतात आणि गाळ शेकडो वर्षं जास्त जुना भासतो. म्हणून जमिनीवरून पडलेलं पान किंवा बी शोधावं. गेल्या शंभरेक वर्षांसाठी किरणोत्सर्गी शिसं-२१० (अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे २२ वर्षं) आणि अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास टोक गाठणारं सीझियम-१३७.

जपानच्या सुईगेत्सु सरोवरात वार्षिक थर आणि पानं दोन्ही आहेत. तरी १९९३ चा कोअर फसला: छिद्र एकच होतं आणि लागोपाठच्या तुकड्यांच्या सांध्यात गाळ हरवला होता. २००६ मध्ये चार छिद्रं घेऊन एकाची फट दुसऱ्याने भरली. २०१२ मध्ये त्यावरून कार्बन-१४ ची मापं खऱ्या वर्षांत बदलून देणारं, सुमारे ५२,८०० वर्षांपर्यंतचं कॅलेंडर प्रसिद्ध झालं.

तारीख पक्की झाली की उत्क्रांतीचा वेगही मोजता येतो. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९५-९६ च्या मोहिमांना गाळाखाली कोरडी पडलेली जमीन लागली. सरोवर पूर्ण आटलं होतं आणि सुमारे १५,००० वर्षांपूर्वी पुन्हा भरलं. म्हणजे तिथल्या सिक्लिड माशांच्या पाचशेच्या आसपास जाती एवढ्याशा काळात झाल्या. हे इतकं अवघड वाटलं की वाद पेटला. २०१७ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की जनुकांतली विविधता जुनी होती, दोन वंशांच्या संकरातून आलेली. तिची फेरजुळणी तेवढी नवी.

१९९९ मध्ये युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळातली डाफ्निया या पाणपिसवेची निद्रिस्त अंडी उबवण्यात आली. सांडपाण्यामुळे पाण्यात सायनोबॅक्टेरिया (निळे-हिरवे जिवाणू) वाढल्यानंतरच्या थरांतल्या पिसवा ते विषारी खाद्य आधीच्यांपेक्षा चांगलं सोसत होत्या. काही दशकांत झालेली उत्क्रांती, आणि तीही जिवंत प्राण्यांवर तपासलेली. बाल्कनमधल्या ओह्रिड सरोवरात २०१३ च्या खोदकामाने १३.६ लाख वर्षं मागे नेलं. तिथल्या डायटमच्या (काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालांच्या) जाती सरोवर नवं असताना झपाट्याने येत-जात होत्या, पुढे हे येणं-जाणं स्थिरावलं.

सिक्लिडच इतके का फोफावले, ते आधी पोचले म्हणून का, हा प्रश्न उरला होता. २०२३ मध्ये व्हिक्टोरियाच्या कोअरमधले माशांचे दात मोजले गेले. सिक्लिड इतरांआधी पोचले किंवा सुरुवातीला संख्येने जास्त होते, याचा पुरावा त्यांत मिळाला नाही. इतर माशांचे दातही त्याच सुरुवातीच्या थरांत होते.