ऑपरेशन थिएटरमधलं सिम्युलेशन टीम ट्रेनिंग

सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, टेक्निशियन सगळ्यांनी मिळून, पेशंटच्या जागी कॉम्प्युटरवर चालणारा पुतळा ठेवून, ओटीतल्या आणीबाणीचा सराव करायची पद्धत.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण ‘सिम वन’चं नाव घेतात. लॉस एंजलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात डेन्सन आणि अ‍ॅब्रॅहमसन यांनी साधारण 1966-67 च्या सुमारास आणलेला हा पुतळा श्वास घ्यायचा, पापण्या मिटायचा, पण त्यावर मुख्यतः घशात नळी घालायला शिकवायचे, म्हणजे एकट्याच्या हाताचं काम, आणि पुतळाही एकच बनला, पुढे परंपरा काही चालली नाही. म्हणून टीम ट्रेनिंगचा उगम अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांच्यापाशी धरणं जास्त पटतं. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सिम्युलेटर बनवला, आणि 1990 च्या आसपास भूलतज्ज्ञांसाठी कोर्स सुरू केला. कल्पना वैमानिकांकडून आली. 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन विमानं धडकून 583 माणसं गेली, अशा अपघातांनंतर 1979 मध्ये नासाने कार्यशाळा घेतली, तिथे दिसलं की विमान चालवता येत असूनही कॉकपिटमध्ये नीट बोलणं होत नाही म्हणून घात होतो.

गाबांच्या कोर्समध्ये सर्जनची भूमिका शिकवणाराच करायचा. खरे सर्जनही सरावाला उभे करण्यात स्वित्झर्लंडच्या बाझेलचा नव्वदच्या दशकातला प्रयोग महत्त्वाचा, याचा उल्लेख फार कमी होतो.

नेहमीचा एक प्रसंग म्हणजे मॅलिग्नंट हायपरथर्मिया, भुलेच्या काही औषधांनी स्नायू ताठरतात, अंग तापतं. उतारा डँट्रोलिन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण जुन्या प्रकारच्या एका बाटलीत औषध फक्त 20 मिलिग्रॅम, त्यात 60 मिली पाणी घालून हलवत बसायचं, आणि 70 किलोच्या माणसाला पहिल्याच डोसला किलोमागे 2.5 मिलिग्रॅम धरून 9 बाटल्या लागतात, म्हणजे दोन माणसं त्यातच अडकली. मग बाकीचं कोण बघणार, सर्जनला थांबा कोण म्हणणार? सराव खरा याचाच असतो. नाव घेऊन काम सांगायचं, ऐकणाऱ्याने ते परत बोलून दाखवायचं.

नंतर व्हिडिओ बघत चर्चा होते, ती बऱ्याचदा प्रसंगापेक्षा लांबते आणि शिकणं बहुतेक तिथेच होतं.

2013 साली अमेरिकेत 17 टीम्सवर 106 प्रसंगांचा अभ्यास छापून आला: आणीबाणीत काय काय करायचं याची लेखी यादी, म्हणजे चेकलिस्ट, हाताशी असताना आवश्यक पायऱ्यांपैकी 6 टक्के सुटल्या, नसताना 23 टक्के. अर्थात ही परीक्षा चेकलिस्टची होती, ट्रेनिंगची नाही, आणि तीही पुतळ्यावर.