एका शंकेच्या १८२ कॅलरी

अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या काही विद्यार्थ्यांना मानसशास्त्राच्या एका प्रयोगाआधी सहज विचारलं गेलं, ‘तुम्हाला इंग्रजी येतं ना?’ मग त्यांचा आवडता पदार्थ विचारला. न विचारलेल्यांच्या मानाने यांच्यात अमेरिकी पदार्थाचं नाव घेणारे तिप्पट निघाले. पुढच्या प्रयोगात ‘यात भाग घ्यायला अमेरिकन असावं लागतं’ असं ऐकवून थेट शंकाच घेतली. तेव्हा त्यांनी मागवलेल्या जेवणात सरासरी १८२ कॅलरी जास्त भरल्या. सप्ना चेरियन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या मराठी घरांत पोरांच्या डब्यातली पोळीभाजी न खाता परत का येते, याचं थोडंफार उत्तर इथे सापडावं.

अशा बारीक टोचण्यांना ‘मायक्रोॲग्रेशन’ हे नाव १९७० मध्ये हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी दिलं. पिअर्स स्वतः कृष्णवर्णीय. १९४७ मध्ये हार्वर्डच्या फुटबॉल संघातून ते व्हर्जिनियात, म्हणजे वर्णभेदाच्या बालेकिल्ल्यात, गोऱ्यांच्या संघाविरुद्ध खेळले होते. उघड द्वेष कसा असतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी लक्ष वेधलं ते रोजच्या किरकोळ अवहेलनेकडे. २००७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या डेराल्ड विंग स्यू यांनी तिचं वर्गीकरण केलं आणि हा विषय अमेरिकी कॉलेजांच्या आवारात पोचला.

उघड शिवी जास्त लागते की गोलमाल वागणूक? प्रिन्स्टनच्या जेसिका साल्वातोर आणि निकोल शेल्टन यांनी २००७ मध्ये हे मोजलं. विद्यार्थ्यांना नोकरभरतीतले काही निर्णय वाचायला दिले. काहींत वर्णद्वेष ढळढळीत होता, काहींत नुसता संशय येण्याजोगा. नंतर स्ट्रूप चाचणी घेतली. हिरव्या शाईत ‘लाल’ लिहिलेलं असतं आणि आपण शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. मेंदू दुसरीकडे गुंतलेला असला की इथे वेळ लागतो. गोऱ्या विद्यार्थ्यांची गती ढळढळीत द्वेषानंतर जास्त मंदावली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची मात्र संशयाच्या प्रसंगानंतर. उघड द्वेष ओळखून बाजूला सारता येतो. ‘हे माझ्या रंगामुळे झालं की सहज?’ हा हिशेब डोक्यात चालूच राहतो आणि लक्ष खातो. नाव सांगितल्यावर ‘आणि आडनाव?’ असा प्रश्न ज्यांना टोचतो, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

इथवर विज्ञान भक्कम वाटतं. घोळ झाला तो याद्यांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१४-१५ मध्ये प्राध्यापकांसाठी घेतलेल्या चर्चासत्रांत टोचणाऱ्या वाक्यांची यादी वाटली. तिच्यात ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हे होतंच, पण ‘अमेरिका ही संधींची भूमी आहे’ आणि ‘सर्वांत लायक माणसाला नोकरी मिळावी’ हीसुद्धा होती. २०१७ मध्ये केटो इन्स्टिट्यूटने अशी वाक्यं लोकांपुढे ठेवली, तेव्हा बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांना त्यांतली बरीचशी अपमानकारक वाटलीच नाहीत. केटो उदारमतवादी बाजारवाद्यांची संस्था आहे, हे खरं. पण ज्यांच्यासाठी यादी केली त्यांना विचारायची कल्पना वाईट नव्हती.

त्याच वर्षी एमरी विद्यापीठाचे स्कॉट लिलिएनफेल्ड यांनी या संशोधनाची झाडाझडती घेतली. व्याख्या सैल आहे, पुरावा बहुतेक स्वतःच्या सांगण्यावर उभा आहे, आणि स्वभावतःच अस्वस्थ माणूस टोमणेही जास्त मोजतो आणि दुःखीही जास्त असतो. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? हे उलगडेपर्यंत अशी प्रशिक्षणं थांबवा, असं ते म्हणाले. मोनिका विल्यम्स यांनी २०२० मध्ये उत्तर दिलं: अस्वस्थ स्वभावाचा वाटा वजा केला तरी संबंध उरतो. शिवाय त्यांच्याच सहकाऱ्यांसोबतच्या २०१७ च्या अभ्यासात, ‘अशी वाक्यं आपण बोलू’ म्हणणारे गोरे विद्यार्थी वर्णद्वेषाच्या मोजपट्ट्यांवरही वर होते. म्हणजे सगळं ऐकणाऱ्याच्या मनाचे खेळ नव्हते.

मला दोघांचंही पटतं, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. त्रास खरा आहे आणि त्याचं मूळ संदिग्धतेत आहे. पण वाक्यांची यादी संदिग्धता मिटवत नाही. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हेच वाक्य शेजारच्या आजींनी कौतुकाने विचारलेलं असतं आणि मुलाखतीत कुणीतरी तोलून पाहायला. यादी पाठ केलेल्या विद्यार्थ्याला आजींचाही संशय येऊ लागला, तर डोक्यातला हिशेब वाढलाच. तसं होतं का, हे भांडून ठरवायचं कारण नाही. काही विद्यार्थ्यांना यादी द्या, काहींना देऊ नका, मग दोघांनाही एकच साधं संभाषण ऐकवा आणि हिरव्या शाईतला ‘लाल’ दाखवा.