गुडघा किती वाजता दुखतो?

खानापूर तालुक्यात भाताची रोपं लावायला चिखलात उतरलेली बाई दिवसाचे सात-आठ तास कमरेत वाकलेली असते. निपाणीत विड्या वळणारी सूप मांडीवर घेऊन सकाळी जी बैठक मारते, ती जेवायलाच उठते. बेळगावच्या वडगाव, खासबागला यंत्रमागावरचा कामगार अख्खी पाळी उभ्याने काढतो. तिघांचेही सांधे दुखतात आणि तिन्ही दुखण्यांना आपल्याकडे नाव एकच, वात. नाव एक म्हटल्यावर औषधही एकच चालेल असं वाटतं. मग शेजारणीला लागू पडलेली गोळी पदराच्या गाठीतून या घरातून त्या घरात जाते.

प्रत्यक्षात संधिवाताचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. काही चालल्याने सुधारतात, काहींना वेळेत औषध मिळालं नाही तर बोटं कायमची वाकडी होतात, आणि एखाद्याला त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली घरोघर जाऊन पाहणी झाली होती. चार हजारांवर प्रौढ तपासले, त्यातल्या सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. खरा आमवात, म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं तो आजार, मात्र शंभरात जेमतेम अर्ध्या माणसाला. तेव्हा कोण कुठल्या गटातला हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी रक्ततपासणीच्याही आधी विचारण्याजोगा प्रश्न साधाच आहे: दुखतं कधी?

संध्याकाळी, काम झाल्यावर दुखत असेल आणि बसलं की उतरत असेल, तर ती बहुधा झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. सकाळी आखडल्यासारखं वाटतं, पण घरात चार येरझाऱ्या घातल्या की गुडघा मोकळा होतो. जिना चढण्यापेक्षा उतरताना कळ जास्त. ‘ग्रीस संपलंय बघा, आता काय करायचं’ हे वाक्य बेळगावच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकू येईल. निरोगी गुडघ्यात हे ‘ग्रीस’, म्हणजे सांध्यातला द्रव, मुळात एक चमचाही नसतो. सांधा सुजतो तेव्हा तो वाढतो. कधी कधी तर सुईने काढून टाकावा लागतो. बिघडतो तो त्याचा दाटपणा.

खरी गोष्ट कूर्चेची आहे. हाडांच्या टोकांवर हा गुळगुळीत थर असतो, गुडघ्यात बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. पोषण मिळतं ते स्पंजाच्या रीतीने: पाऊल टेकलं, भार पडला की पाणी बाहेर, पाऊल उचललं की सांध्यातला द्रव अन्न घेऊन आत. म्हणजे कूर्चेचं जेवण चालण्यावर अवलंबून आहे. ‘गुडघे झिजलेत, आता जपून बसा’ असं सांगून घरचे आजीला खाटेवर बसवतात, तेव्हा मायेपोटी तिच्या कूर्चेची उपासमारच करत असतात. माझ्या मते झिजेच्या गुडघ्याचं आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं.

कूर्चेत वेदना पोचवणाऱ्या नसाही नाहीत, त्यामुळे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि आजूबाजूचे बंध. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही, दिसते ती दोन हाडांतली मोकळी जागा. म्हणून एक्स-रे भयंकर असूनही तवंदीचा घाट चढणारे म्हातारे सापडतात आणि फिल्म बरी असूनही रात्रभर कण्हणारेही. ‘गॅप कमी झालाय’ एवढ्यावरून पुढच्या दहा वर्षांचं भविष्य सांगता येत नाही.

भार सोसण्यात कूर्चेला मदत करतो तो मांडीचा पुढचा स्नायू. दुखतं म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू बारीक, स्नायू बारीक म्हणून दुखणं जास्त, असं हे चक्र चालतं आणि ते स्नायूच्या बाजूनेच तोडता येतं. खुर्चीत ताठ बसा. एक पाय गुडघ्यात सरळ करून टाच उचला, पायाचा पंजा स्वतःकडे ओढा. मांडीवर हात ठेवून पाहा. स्नायू घट्ट लागला पाहिजे. सहा आकडे मोजा, सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा. हे अंगवळणी पडलं की हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, विशेषतः बसताना धपकन न पडता हळू. जमत नसेल तर खुर्चीवर उशी टाकून ती उंच करा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीच्या पातळीला आलेलं असेल तर मात्रा बरोबर आहे; तोवर चढलेलंच असेल तर वेळा कमी करा, व्यायाम बंद करू नका. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून याच धर्तीचा कार्यक्रम चालतो: आजाराची माहिती देणाऱ्या दोन बैठका आणि देखरेखीखाली बारा वेळा व्यायाम. पुढे तो अनेक देशांनी उचलला. त्याला लागतं काय, एक खुर्ची आणि थोडी चिकाटी.

वजनाचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. वजनदार वृद्धांवर झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००५ साली दिसलं की शरीराचं एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. पाच किलोला वीस. दिवसभरात पावलं किती पडतात याचा गुणाकार ज्याने त्याने करावा.

उकिडवं बसणं मात्र गुडघ्याला जड जातं. संडासात भारतीय भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची, भांडी घासायला पाट न घेता उंच स्टूल, चुलीऐवजी ओट्यावर भाकरी, एवढ्याने फरक पडतो. रोप लावणी काही स्टुलावर बसून होत नाही, हे मलाही कळतं. तिथे दर अर्ध्या तासाने बांधावर येऊन कंबर मागे ताणणं आणि दहा पावलं ताठ चालणं, इतकं तरी करता येतं. मुकादम कुरकुरतो, कुरकुरू द्या.

औषधांत आधी मलम. डायक्लोफिनॅकची जेल गुडघ्यावर चोळली तर औषध सांध्यापर्यंत पोचतं आणि रक्तात फारच थोडं जातं. गोळ्यांचं तसं नाही. त्या रोज घेतल्या तर जठराला व्रण पडतो, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं थकतात. गिधाडं नाहीशी झाली ती याच डायक्लोफिनॅकमुळे. औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी ते बंद केलं. माणसाचं शरीर गिधाडापेक्षा ते पुष्कळ चांगलं पचवतं, पण साठी उलटलेल्या, साखर आणि बीपी असलेल्या माणसाने महिनोन्‌महिने ते खावं असा त्याचा अर्थ नाही. आपल्या सीमाभागात एक वेगळीच अडचण आहे. बेळगावात दाखवायचं, मग मिरजेला आणखी एक मत घ्यायचं, पाहुण्यांनी सांगितलं की कोल्हापूरही करायचं. तीन चिठ्ठ्यांवर तीन कंपन्यांची तीन नावं, आणि आत औषध तेच. पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून दर वेळी डॉक्टरांसमोर ओता.

आता दुसरं घड्याळ. सकाळी उठल्यावर हात तासभर चालत नाहीत. पोलक्याचं हूक लागत नाही, पातेलं धरवत नाही, भाकरी थापणं सुनेवर टाकावं लागतं. आणि अकरा वाजले की बरंच बरं वाटतं. दोन्ही हातांची मनगटं आणि बोटांची मुळं सुजलेली, दाबली की दुखणारी. हा आमवात, रुमॅटॉइड. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. पुरुषांपेक्षा बायकांना तो सुमारे तिप्पट होतो, आणि तोही ऐन कर्त्या वयात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका अधिक. सकाळचं आखडलेपण अर्ध्या तासाच्या वर टिकत असेल आणि असं दीड महिना चाललं असेल, तर इथे ‘जरा बघूया’ नको. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. हाड एकदा कुरतडलं गेलं की ते परत भरून येत नाही. आर. ए. फॅक्टर नावाची तपासणी निरोगी माणसातही कधी कधी पॉझिटिव्ह येते आणि आमवात असूनही निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून एका कागदावरून रडू नये की हसूही नये.

या आजाराच्या इतिहासातला एक प्रसंग आपल्याकडच्या ‘वाताच्या पुड्यां’शी थेट जोडलेला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका रुग्णाला कॉर्टिझोन नावाचं स्टेरॉइड टोचलं. काही दिवसांत ती बाई चालू लागली, आठवड्याभरात बाजारात जाऊन आली. १९५० साली हेंच आणि आणखी दोन संशोधकांना नोबेल मिळालं. त्यानंतर दुसरी बाजू दिसू लागली: औषध थांबलं की आजार परत, चालू ठेवलं तर चेहरा सुजलेला, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ.

आठवडी बाजारात किंवा देवाच्या जत्रेत नाव-गाव नसलेली ‘वाताची पुडी’ घेतल्यावर दोन दिवसांत चमत्कार झाला, तर संशय याच स्टेरॉइडचा घ्यावा. झाडपाल्याचं औषध इतक्या झपाट्याने सूज उतरवत नाही. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर ती एकदम तोडूही नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं आणि अचानक बंद केल्यास माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतील. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण मोजून, थोडे दिवस, खरं औषध लागू पडेपर्यंत.

ते खरं औषध म्हणजे बहुतेकांसाठी मेथोट्रेक्सेट. स्वस्त आहे, जुनं आहे, पण लागू पडायला दीड ते तीन महिने घेतं, म्हणून लोक महिन्यात कंटाळून सोडतात. त्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदार समजावणार कन्नडमध्ये आणि आजीला कळते मराठी, अशा घरात ही चूक सहज घडू शकते. यावर उपाय घरगुतीच बरा: गावचा बाजारवार हाच गोळीचा वार ठरवा, पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘फक्त बाजारादिवशी’ लिहा आणि बाकी पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवा. सोबत फॉलिक ॲसिड देतात, ते डॉक्टर सांगतील त्या दिवशी. रक्त आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करायची, दारू बंद, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं.

मध्यरात्री पायाच्या अंगठ्याला आग लागल्यासारखं होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसेना, तर तो गाउट, सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचून होणारा. तिथे मटण आणि बिअर यांना आवर घालण्यात अर्थ आहे. बाकीच्यांनी दही, चिंच, टोमॅटो सोडून काही साधत नाही. आंबट खाल्ल्याने सांधे धरतात याला आधार नाही.

एकच सांधा लाल, गरम, टम्म आणि अंगात ताप, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय. ताप येतो-जातो, घाम सुटतो, कंबर धरते आणि घरात गुरं असून कच्चं दूध पिण्याची सवय आहे, तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गुरांकडून माणसाला होणाऱ्या जंतुसंसर्गाची, तपासणी करायला सांगा. आणि चिकुनगुनिया तर आपण विसरलेलो नाही. २००६ च्या साथीत देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यात सर्वाधिक कर्नाटकात. ताप चार दिवसांत गेला, सांधे मात्र काहींचे वर्षभर धरून राहिले. ते बहुतेकांचे हळूहळू सुटतात, पण सूज तीन महिन्यांपुढे टिकली तर आमवात आहे का हे पाहावंच लागतं.

पावसाळा लागला की सांधे ठणकतात, यात तथ्य आहे का? ब्रिटनमध्ये अडीच हजारांवर लोकांनी रोजचं दुखणं मोबाइलवर नोंदवलं, त्याचा निष्कर्ष २०१९ साली आला: दमट हवा आणि कमी दाबाच्या दिवशी दुखणं थोडं वाढतं. थोडंच. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेऊन ऊब मिळते, स्नायू सैल होतात, जरूर घ्या. फक्त लाल, गरम सांध्यावर शेक नको.

दुर्बिणीने गुडघा ‘धुऊन’ घेण्याचा सल्ला झिजेसाठी मिळाला तर दुसरं मत घ्या. २००२ साली १८० रुग्णांवरच्या प्रयोगात काहींना केवळ कातडीवर छेद देऊन टाके घातले होते, आणि दोन वर्षांनी सगळ्या गटांचं दुखणं सारखंच होतं. सांधेबदल वेगळी गोष्ट. रात्रीची झोप मोडत असेल, बसथांब्यापर्यंत चालवत नसेल, व्यायाम-वजन-औषध सगळं करून झालं असेल, तर ते करावं. शंभरातले ऐंशीहून अधिक कृत्रिम गुडघे २५ वर्षं टिकतात. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. खोली, शस्त्रक्रिया आणि नंतरची फिजिओथेरपी यांचा खर्च निराळा विचारून घ्यायचा.

तोवर काठी वापरायला लाजू नका, पण ती दुखऱ्या पायाच्या बाजूला धरू नका. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजव्या पावलाबरोबर ती पुढे टेकायची; चालण्याचा तोल असा राहतो आणि भार काठीवर जातो. सरळ उभं राहून हात खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी, इतकीच तिची उंची हवी. तळाचं रबर झिजलं असेल तर मृगाच्या आत बदलून घ्या, मेडिकलमध्ये ते सुटं मिळतं.