पार्श्वभूमी : कॉपरप्लेट या नावाचा गुंता आणि औपचारिक वळणदार टंक

निमंत्रणपत्रिका आणि प्रशस्तिपत्रांवर दिसणाऱ्या रोमन लिपीतील वळणदार टंकांचे (फॉन्टचे) मूळ इंग्लंडमधील ‘राउंडहँड’ या हस्ताक्षरात आहे. पिसाच्या लेखणीने लिहिलेले हे वळण सतराव्या-अठराव्या शतकांत कित्त्यांच्या पुस्तकांतून पसरले. त्यांपैकी सर्वांत भव्य संग्रह लंडनमध्ये १७३३ ते १७४१ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला.

हे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात, म्हणून त्या अक्षरालाच ‘कॉपरप्लेट’ म्हणण्याचा प्रघात पडला. वस्तुतः ते छपाईच्या रीतीचे नाव आहे, लेखनाच्या वळणाचे नव्हे. कोरणीला जी बारीक रेघ सहज साधे ती पिसाला क्वचितच साधत असे, त्यामुळे शिकणारा लेखणीच्या नव्हे तर कोरणीच्या अक्षराची नक्कल करू लागला. पुढे एकोणिसाव्या शतकात लवचीक पोलादी टाक आला आणि दाब देताच रेघ फुगवणाऱ्या त्या टाकाच्या लेखनालाही हेच नाव चिकटले. गोंधळावर कळस चढला तो १९०१ साली अमेरिकेत निघालेल्या ‘कॉपरप्लेट गॉथिक’ने. त्यात लहान लिपीची अक्षरे नाहीत, एकही जोड नाही. आहेत ती केवळ उभी, रुंद मोठी अक्षरे आणि त्यांच्या टोकांना सूक्ष्म टोचे. वळणदार टंक हवा असताना नुसते ‘कॉपरप्लेट’ सांगणाऱ्याच्या हाती आजही हाच टंक पडू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हस्ताक्षराला राउंडहँड म्हणणेच अधिक प्रामाणिक ठरेल, पण रूढीपुढे त्याचे फारसे चालत नाही.

शिशाच्या खिळ्यांना, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या सुट्या अक्षरांना, हे वळण कधी मानवले नाही. तिरपे अक्षर चौकोनी खिळ्यावर बसवले की बाहेर आलेली शेपटी तुटे, किंवा दोन अक्षरांच्या जोडात फट दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये खिळाच तिरपा ओतून पाहण्यात आला. तो उपाय चतुर होता, पण जुळणीला किचकट होता. खरी मोकळीक फोटो-अक्षरजुळणीने, म्हणजे अक्षरे प्रकाशाने फिल्मवर उमटवण्याच्या पद्धतीने दिली, कारण तिच्यात खिळाच उरला नाही. १९६६ चा ‘स्नेल राउंडहँड’ हे त्याचे उत्तम उदाहरण असून, त्यातील जोड इतके बेमालूम आहेत की शब्द सलग लिहिल्यासारखा वाटतो. संगणकावर १९९४ चा ‘एडवर्डियन स्क्रिप्ट’ आणि १९९७ चा ‘बिकहॅम स्क्रिप्ट’ आले. दुसऱ्याच्या नंतरच्या ओपनटाइप (संगणकीय टंकांचा एक प्रकार) आवृत्तीत शेजारच्या अक्षरानुसार रूप बदलण्याची सोयही झाली.

वापराचे नियम या घडणीतूनच निघतात. नाव, शीर्षक किंवा दोन-तीन ओळींचा मजकूर मोठ्या आकारात हे टंक शोभून दिसतात. परिच्छेदभर मजकुरात ते वाचकाला दमवतात. संपूर्ण शब्द मोठ्या लिपीत लावल्यास फर्राटे एकमेकांत अडकतात, अक्षरांतील अंतर वाढवल्यास जोड तुटतात, आणि गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्यात छापल्यास बारीक रेघा शाईने बुजतात.