विचारणारा तयार आहे का?

कोचिंग म्हटलं की आपल्याकडे दहावी-बारावीचे क्लास आठवतात. इथे विषय दुसऱ्या कोचिंगचा आहे. त्यात कोच उत्तरं देत नाही, प्रश्न विचारतो आणि निर्णय समोरच्यावर सोडतो. मेहनत समोरच्यानेच करायची असल्यामुळे त्याची तयारी आहे का, यावर बरंच काही ठरतं.

या पद्धतीचं एक मूळ टेनिसच्या मैदानावर आहे. टेनिस शिकवणारे टिमथी गॅल्वे यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक 1974 साली आलं. खेळाडूच्या मनातला सततचा टोमणा थांबला की शरीर आपोआप शिकतं, असं त्यांचं म्हणणं. गॅल्वे त्या काळी गुरु महाराजजी, म्हणजे प्रेम रावत, यांचे अनुयायी होते आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत त्यांचं नाव आहे. जॉन व्हिटमोर यांनी हा विचार ब्रिटनमधल्या कंपन्यांपर्यंत नेला. 1995 मध्ये थॉमस लिओनार्ड यांनी अमेरिकेत आंतरराष्ट्रीय कोच महासंघ उभा केला.

तयारीबद्दलची भाषा मात्र व्यसनमुक्तीच्या कामातून आली. 1983 मध्ये प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचा अभ्यास मांडला. आपल्याला काही अडचण आहे हेच न दिसणारा, दिसूनही घुटमळणारा, प्रत्यक्ष बदलू लागलेला आणि तो बदल टिकवणारा, अशा त्या अवस्था. दारूच्या व्यसनात अडकलेल्यांशी कसं बोलावं, यावरचा विल्यम मिलर यांचा लेखही त्याच वर्षीचा. घुटमळणाऱ्या माणसाशी वाद घातला की तो दारूचीच बाजू लढवू लागतो, हे त्यांनी मांडलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण ‘क्लायंट तयार नाही’ म्हणणाऱ्याला त्यामुळे आधी स्वतःच्या बोलण्याकडे पाहावं लागतं.

मराठी वाचकाला इथे दासबोधाचा पाचवा दशक आठवेल. समर्थांनी त्यात बद्ध, मुमुक्षु (मोक्षाची ओढ लागलेला), साधक आणि सिद्ध यांची लक्षणं ओळीने चार समासांत सांगितली आहेत. बद्धाला आपण बांधलेले आहोत याची जाणीवच नसते; मुमुक्षूला अनुताप होतो आणि तो स्वतःचे दोष बोलून दाखवतो. त्याच दशकात शिष्याच्या लक्षणांआधी गुरूची लक्षणं येतात, हेही विसरू नये. अर्थात सिगारेटवाल्यांच्या अवस्था इथून उचललेल्या नाहीत. शिवाय एकीकडे मोक्ष, दुसरीकडे एखादी सवय किंवा नोकरीतली अडचण.

वेदान्तात ही चौकशी आणखी जुनी आहे. ब्रह्मसूत्राच्या पहिल्याच ‘अथ’ (म्हणजे ‘यानंतर’) शब्दावर शंकराचार्य म्हणतात की विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती (मन आणि इंद्रियांवरचा ताबा वगैरे) आणि मुमुक्षुत्व आल्यावरच ब्रह्मजिज्ञासा. पण उपनिषदांतले गुरू दार लावून घेत नाहीत. प्रश्नोपनिषदात पिप्पलाद सहा जिज्ञासूंना सांगतात: वर्षभर तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धेने इथे राहा, मग हवं ते विचारा. छांदोग्यात इंद्र आणि विरोचन दोघेही प्रजापतीकडे 32 वर्षं राहतात. विरोचन पहिल्याच उत्तरावर समाधानी होऊन जातो. इंद्राला वाटेत शंका येते, तो पुन्हा पुन्हा परततो आणि त्याची एकूण 101 वर्षं होतात. इथे तयारी ठरते ती शंका घेऊन परत येण्यावर.

या परंपरेची काळी बाजूही सांगायलाच हवी. ब्रह्मसूत्राच्या अपशूद्राधिकरणात, शंकरभाष्यानुसार, शूद्राला वेदाधारित ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला आहे. म्हणजे मनाच्या तयारीची कसोटी जन्मावर आणून ठेवली. चोखोबांचे अभंग आणि तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईंची वाणी यांनी ती कसोटी खोटी ठरवली. आजचे कोच ‘अधिकारी’, म्हणजे विद्येला पात्र माणूस, ही कल्पना उचलतात तेव्हा हा इतिहास वगळून चालणार नाही.

कंपन्यांमधल्या कोचिंगमध्ये तर वेगळाच पेच आहे. पिप्पलादांकडे सहाही जण आपणहून, हातात समिधा घेऊन आले होते. इथे पैसे कंपनी भरते, नाव साहेब सुचवतात आणि समोर बसतो कर्मचारी. म्हणून करारापूर्वीच्या भेटीत त्याला एकट्याला विचारायला हवं की तुम्हाला स्वतःला हे हवंय का. आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर ते उत्तर त्याच्याविरुद्ध साहेबांकडे जाता कामा नये.