मुखत्यारपत्र वेगळं, पालकत्व वेगळं

अमेरिकेत इमिग्रेशनच्या कारवाईत आई किंवा वडील पकडले जातात, तेव्हा शाळा सुटल्यावर मुलाला आणायला कोण जाणार हा पहिला प्रश्न असतो. 'मावशीला पालक करून टाकू' असं घरात सहज ठरतं. पण त्या एका वाक्यात दोन अगदी वेगळे कागद दडलेले असतात.

मुखत्यारपत्रावर आईवडील स्वतः सही करतात. त्याने मावशीला शाळेचे आणि दवाखान्याचे निर्णय घेता येतात, आईवडिलांचे हक्क मात्र शाबूत राहतात आणि कागद केव्हाही रद्द करता येतो. अडचण मुदतीची. अनेक राज्यांत ती सहा महिन्यांची असते. न्यूयॉर्कमध्ये 12 महिन्यांपर्यंत, आणि 30 दिवसांहून जास्त काळासाठी नोटरी लागते. इमिग्रेशनचा खटला मात्र याहून लांबू शकतो, आणि डिटेन्शन सेंटरमध्ये बसून नवीन कागद नोटरी करून घेणं महाकठीण. कॅलिफोर्नियात सांभाळणाऱ्याने स्वतः भरायचं प्रतिज्ञापत्रही चालतं. त्यावर आईवडिलांची सही नको, नोटरी नको. पण त्याने मुलाचा ताबा मिळत नाही.

पालकत्व (गार्डियनशिप) कोर्ट देतं. अर्ज, नातेवाइकांना नोटीस, घरची चौकशी, सुनावणी, मग आदेश. आदेश आला की आईचा ताब्याचा हक्क थांबतो. ती सहा महिन्यांनी सुटून आली तरी मूल आपोआप परत मिळत नाही. पालकत्व संपवा असा अर्ज पुन्हा न्यायाधीशापुढे करावा लागतो आणि मुलाचं हित कशात, हे न्यायाधीश ठरवतो. मावशीशी बिनसलं असेल तर हे फार महागात पडतं. म्हणून नुसत्या भीतीपोटी आधीच पालकत्व देऊन टाकणं आम्हाला चुकीचं वाटतं. न्यूयॉर्कने 2018 साली मधली वाट काढली: पालक आधी नेमून ठेवायचा, त्याचा अधिकार मात्र इमिग्रेशनमुळे ताटातूट झाल्यावर सुरू होतो.

आईवडिलांपैकी दुसरं कोणी घरी असेल आणि त्याचा ताबा कोर्टाने काढून घेतलेला नसेल, तर मूल त्याच्याकडेच राहतं.

काहीच कागद नसेल आणि घरी सांभाळणारं कोणी सापडलं नाही, तर मूल फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखालच्या तात्पुरत्या सांभाळात, जाऊ शकतं, आणि तिथे घड्याळ चालू होतं. 1997 च्या संघीय कायद्यानुसार मूल गेल्या 22 महिन्यांपैकी 15 महिने फॉस्टर केअरमध्ये असेल, तर आईवडिलांचे हक्क कायमचे संपवण्याचा अर्ज राज्याला साधारणपणे करावाच लागतो. मूल नातेवाइकाकडे ठेवलेलं असेल तर राज्य यातून सूट देऊ शकतं. मावशीचं नाव कागदावर असणं इथे कामी येतं.

कागद केला तरी एक फट हमखास राहते. मुखत्यारपत्र कपाटात, आणि शाळेच्या इमर्जन्सी कार्डावर फक्त वडिलांचा नंबर. वडील आत, फोन जप्त. कार्डावर नाव नसलेल्या मावशीच्या हाती शाळा मूल देत नाही. तिचं नाव आणि नंबर कार्डावर आजच घाला, मुखत्यारपत्राची प्रतही शाळेत देऊन ठेवा.

पासपोर्टचं तसंच. 16 वर्षांखालील मुलाच्या अमेरिकन पासपोर्टला आईवडील दोघांची संमती लागते. गैरहजर असलेल्या आईने किंवा वडिलांनी नोटरीसमोर सही केलेला डीएस-3053 फॉर्म चालतो, पण 90 दिवसच. आईला परत पाठवलं आणि मुलाला तिच्याकडे धाडायचं ठरलं, तर सगळं याच कागदापाशी अडतं. आईवडील दोघं हाताशी आहेत तोवर पासपोर्ट काढून ठेवा.